नैवेद्य न दाखवलेल्या करंज्या

दिवाळी तोंडावर आली असताना भाचा बाळू सर्व्हिस मोटारीनं बेळगावच्या खासबागेहून निपाणीला आला, प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "मामा, आई गेली." आक्काचं सगळं आदल्या दिवशीच उरकलं होतं. मला आधी का कळवलं नाही, हे मी विचारलं नाही. ख्रिस्ती उपदेशक झालेला मामा खांदा देईल की नाही, याची त्यांना खात्री नसणार... आणि ती खात्री मीच घालवली होती.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर माझं सगळं तिनंच केलं. पुढं स्वतःचा नवरा गेला तेव्हा हातमागावर लुगडी विणून बाळूला वाढवलं. मी बाप्तिस्मा घेऊन गणूचा शमुवेल झालो, तेव्हा भावकीनं तोंड फिरवलं. आक्का एवढंच म्हणाली, "तुझं नवं नाव माझ्या दातात अडकतंय रं. मी आपली गणूच म्हणणार." त्याच वर्षी दिवाळीला ती करंज्यांचा पितळी डबा घेऊन चालत बेळगावच्या मिशनच्या आवारात आली. उपासना नुकतीच सुटली होती, मंडळी अंगणात उभी होती. मी डबा हातात घेतला, "मूर्तीपुढं ठेवलेलं आम्हाला चालत नाही," म्हणालो आणि सगळ्यांच्या देखत करंज्या उकिरड्यावर ओतल्या. आक्कानं रिकामा डबा उचलला, पदरानं पुसला आणि आली तशी चालत गेली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी माझ्या निष्ठेची ही गोष्ट मंडळीला सांगितली. मग ती गावोगाव झाली, आणि तिच्याच जोरावर मी उपदेशक झालो. पुढं मी स्वतःही ती सांगू लागलो. फक्त सांगताना करंज्या 'ओतल्या' असं न म्हणता 'नाकारल्या' असं म्हणत असे.

करंज्या ओतल्या त्याच वर्षी नाताळला आक्का पुन्हा आली. आवाराबाहेर चिंचेखाली बसून तिनं मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर डबा पुढं सारून म्हणाली, "खा. ह्या दावल्याल्या न्हाईत. कढईतनं सरळ डब्यात. मधी कोण देव न्हाय." मी मान खाली घालून खाल्ल्या. मग ते दरवर्षीचंच झालं. निपाणीला बदली झाल्यावर ती तंबाखूच्या पोत्यांत अंग चोरून मोटारीनं यायची. "वासावरनं वळख, कुठल्या गावचं फराळ हाय," म्हणायची. लढाईच्या साली साखर मिळेना, तर गूळ घालून आणल्या. मी आत समेटावर प्रवचन करत असायचो आणि ती बाहेर डबा घेऊन बसलेली असायची. आज बोलायचंच, असं दरवर्षी ठरवायचो. पण माफी मागायची तर ती गोष्ट मोडणार, आणि माझं नाव, माझी भाकरी, सगळं त्या गोष्टीवर उभं. त्यातून आक्कानं कधी राग धरला नाही. धरला असता तर काढता आला असता... कृपेवर मी इतक्या वेळा बोललो, पण ती घेणाऱ्याची अशी कोंडी होते, हे कधी बोललो नाही.

यंदा नाताळची उपासना उरकून मीच खासबागेला गेलो. बाळू कामावर होता. त्याची बायको तानी चुलीपाशी करंज्या तळत होती. दुखवट्याचं वर्ष, घरात गोडधोड नाही. "पण तुमच्यापुरत्या करायचं आत्याबाई सांगून गेल्यात," म्हणाली. मग कढईकडं बघतच म्हणाली, "आत्याबाई ह्या दिशी जेवायच्या न्हाईत, मामा. देवाला न दावता तळायचं म्हंजे पाप. त्यासाठनं उपास. दुसऱ्या दिशी देवापुढं साखर ठिवायच्या, मगच तोंडात कायतरी घालायच्या."

मी खाली बसलो. दुसऱ्यांचं पाप स्वतःवर घेणाऱ्याबद्दल मी उभा जन्म बोलत आलो. माझ्या सणाच्या दिवशी माझ्यासमोर कोण उपाशी बसलेलं असतं, ते मला दिसलं नव्हतं.

"ह्या बी न दावता वेगळ्या काढते," तानी म्हणाली.

"आणि तू? जेवलीस?"

"उद्या," म्हणत तिनं झाऱ्यानं करंजी उलटली.

"दाव," मी म्हणालो. "आधी देवाला दाव."

"तुमाला चालंल?"

"चालंल."

तिनं ताटली देवापुढं ठेवली, हात जोडले. मंडळीत याची चर्चा होईल. झाली तर होऊ दे. मी ती जुनी गोष्ट जशी घडली तशीच आता सांगणार आहे, 'ओतल्या' या शब्दासकट. पण जिला सांगायची होती ती नाही, आणि हे काही सुटलं असं मला वाटत नाही.

आक्काचा माग बंद पडलाय. तिच्या बसायच्या फळीवर बसून मी मागाखालच्या, पाय चालवायच्या खड्ड्यात पाय सोडले. तिच्या टाचांनी तळाची जमीन दगडासारखी गुळगुळीत झाली आहे. तानी ताटली घेऊन आली, मागाच्या काठावर बसली. मी एक करंजी घेतली, एक तिच्या हातावर ठेवली. ती खाईपर्यंत मी माझी तोंडाला लावली नाही.