ओहोळावरचा सीताअशोक

वडील गेले, त्यानंतरच्या पहिल्या चैत्रात आईने अशोकाच्या कळ्यांचा विषय काढला.

आमचं गाव पेण तालुक्यात, गागोद्याच्या बाजूला. घरामागच्या डोंगरउतारावर ओहोळाच्या काठाने सीताअशोकाची झाडं होती. बंगल्यांसमोर सरळसोट वाढतो तो अशोक वेगळा. याला जुन्या फांद्यांवर केशरी फुलांचे झुबके येतात. चैत्रातल्या अष्टमीला त्याच्या कळ्या खाल्ल्या की घरात शोक येत नाही, असं आई मानते. वडिलांच्या आजारपणात मात्र तिला जायला जमलं नव्हतं.

मी रोह्याहून गेले, भाऊ पेणहून आला. तो म्हणाला, "आई, नको जाऊ. तिथं आता काय नाय."

उतार त्याने आणि काकांनी विकला, हे आईला ठाऊक होतं. ओहोळ बुजवल्याचं ठाऊक नव्हतं.

तरी आम्ही तिघं गेलो. मुरूम टाकून प्लॉट पाडले होते, सगळीकडे सिमेंटचे खांब आणि तार. कुंपणाच्या आत एकच अशोक उरला होता, वॉचमनच्या शेडवर सावली पडते म्हणून ठेवलेला. तो भरभरून फुलला होता.

"बाबा, चार कळ्या घेऊ का?" आईने वॉचमनला विचारलं.

"घ्या की आजी. कोण विचारतंय!"

आईने एक फांदी खाली ओढली. बराच वेळ तशीच धरून राहिली आणि मग सोडून दिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"एकटंच हाय गो. कळ्या आपणच खाल्ल्या तर शेंगा कशा धरतील?"

उतरताना भाऊ रडायला लागला. आई त्याचा हात धरून चालली.

आषाढात भाऊच त्या झाडाच्या शेंगा घेऊन आला. आईने रंगाच्या रिकाम्या डब्यांत बिया लावल्या. तीन रुजल्या, कोवळी तांबूस पानं खाली लोंबत होती.

"एक मी पेणला बिल्डिंगच्या आवारात लावतो," भाऊ म्हणाला.

"त्याला वाहतं पाणी लागतं, मोठ्या झाडांची सावली लागते. हाय का तुझ्या आवारात?"

त्याने उचललेला डबा परत खाली ठेवला. माझ्या घरी तर एक गॅलरी, तीही उन्हाची.

डबे अजून आईच्या मागच्या पडवीत आहेत. परवा तिने फोन करून मोठ्या बादल्या आणायला सांगितल्या. मुळं डब्यांत मावेनाशी झाली आहेत.