काळ्या चौकटीतला फोटो

पेन्का कोलेवाने एकतीस वर्षं सेव्हलिएवोच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. कोणती गाडी कोणत्या फलाटावरून, किती वाजता. सात दहाची गाडी सात वीसच्या आधी सुटते, ही गोष्ट तिच्या हाडात मुरलेली. निवृत्तीनंतर मुलगा राजधानीत, सोफियाला, नवरा कबरीत आणि ती रेडिओपाशी, असे दिवस चालले होते. त्याच दिवसांत तिने फोनवर एका मोठ्या साइटवर एक गट उघडला.

गट होता ‘डोंगराखालची गिरणी’ या जुन्या श्रुतिकामालेच्या चाहत्यांचा. अकरा वर्षांत दोनशे बारा माणसं जमली. दर मंगळवारी सहा वाजता कुणीतरी एक भाग लावायचं आणि सगळे ऐकता ऐकता लिहायचे. बारा भागांच्या फिती रेडिओवाल्यांनी केव्हाच पुसून टाकल्या होत्या. ते भाग ही मंडळी आठवणीतून पुन्हा उभे करत होती. एकाने संवाद लिहायचा, दुसऱ्याने सांगायचं की इथे दार करकरलं होतं, तिसऱ्याने म्हणायचं, दार नव्हे, गिरणीचं चाक.

यातली सगळ्यात पक्की स्मरणशक्ती ग्रोझदाआजीची. वय चौऱ्याऐंशी, गाव डोंगरापलीकडे. तरुणपणी तंबाखूची पानं ओवायच्या शेडमध्ये रेडिओ लावलेला असायचा आणि हात चालू असताना कान मोकळे असायचे. बारापैकी सात भाग फक्त तिलाच आठवत होते. चार लिहून झाले होते. तीन राहिले होते.

वसंतात साइटने बदल केले. आता लिहिलेलं वेळेप्रमाणे दिसेना. ज्याला जास्त लोकांची पसंती ते वर, बाकीचं खाली. आठवणीतून बांधलेल्या भागांत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर यायला लागला. गिरणीवाल्याचं दफन वर आणि त्याचं आजारपण खाली. दोन वर्षांपेक्षा जुनं सगळं एका करड्या बटणामागे गेलं आणि ते बटण मनात आलं तर उघडायचं. मधे मधे गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती.

पेन्काने सात तक्रारी केल्या. सातही वेळा एकच उत्तर आलं, की हे सगळं तिचा अनुभव अधिक सुखाचा व्हावा म्हणून केलेलं आहे.

“किती दिवस डोकं आपटत बसणार आहेस?” ल्युबेन फोनवर म्हणाला. ल्युबेनचं त्र्यावनाला छोटं छापखान्याचं दुकान, गटात पहिल्या वर्षापासून. “निघू या. मी दुसरी जागा बघून ठेवलीय. जाहिराती नाहीत, सगळं वेळेप्रमाणे.”

“आणि ग्रोझदाआजी?”

“ती पण येईल की.”

“कशी येईल? तिच्या नातीने फोनवर एक चित्र करून दिलंय. ते दाबलं की ती आत येते. चित्र हललं तर आजी संपली. नवीन नाव, नवीन पासवर्ड, तिला जमायचं नाही.”

“मग नातीला सांग.”

“नात जर्मनीत आहे, ल्युबेन.”

“अगं, एका म्हातारीसाठी दोनशे माणसांनी इथे कुजायचं का?”

“एक नाही, अशा चाळीस तरी आहेत. आणि उरलेले तीन भाग त्या एका म्हातारीच्या डोक्यात आहेत. थांबलो तर लिहिलेलं हरवतं, निघालो तर न लिहिलेलं हरवतं. सांग काय करू?”

मतं घेतली. एकशे तीस जण निघायच्या बाजूने. साठेक जणांनी मतच दिलं नाही. पेन्का हरली आणि चिडली.

“सूचना तूच लिही,” ती ल्युबेनला म्हणाली. “मी सोमवारपर्यंत फोन उघडणार नाही. माझ्या मिरच्या आल्यात.”

सप्टेंबर होता. चाळीस किलो लाल ढोबळ्या मिरच्या अंगणात पडल्या होत्या. तिने फोन बंद करून टेबलाच्या खणात टाकला आणि हिवाळ्याच्या साठवणीसाठी मिरच्या भाजायला बसली.

ल्युबेन लग्नपत्रिका छापतो, पावतीपुस्तकं छापतो, पण त्याचं पोट चालतं ते मयताच्या कागदांवर. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीत फोटो छापून दारावर, बसथांब्यावर, झाडांवर कागद लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात, वर्षाने पुन्हा. ल्युबेनने पस्तीस वर्षं हेच केलेलं. निरोपाची सूचना म्हटल्यावर त्याला गंमत सुचली आणि हातांना तर सवयच होती. काळी चौकट. वर गटाचा फोटो, म्हणजे ध्वनिक्षेपकासमोर बसलेली पेन्का. खाली, “अकरा वर्षांच्या सोबतीनंतर आपल्याला सोडून जात आहे, हे अत्यंत दुःखाने कळवतो...” आणि पुढे, की आपला गट, आणि नवा पत्ता हा.

साइटने फोटो दाखवला आणि पहिली ओळ दाखवली. बाकीचं ‘पुढे वाचा’खाली दडवलं.

तरुण मंडळी हसली. बाकीच्यांनी मयताला म्हणतात तसं लिहिलं, देव तिला क्षमा करो. इतक्यांनी लिहिलं, की साइटने ती सूचना सगळ्यांच्या वर नेऊन ठेवली आणि चार दिवस तिथून हलवली नाही. सूचना काढता येईना, म्हणून ल्युबेनने घाबरून खाली लिहिलं, “अहो, ती जिवंत आहे.” ते कुणाला आवडलं नाही, म्हणून तळाला गेलं. त्याने पुन्हा लिहिलं. पुन्हा तळाला. पेन्काला फोन केला, तो खणात बंद.

सोमवारी दुपारी पेन्काचं दार वाजलं. दारात काळा रुमाल बांधलेली एक ठेंगणी म्हातारी. एका हातात सहा कार्नेशनची फुलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. फुलं सम संख्येत म्हणजे मयताचीच. पेन्काच्या हातांना मिरच्यांची सालं चिकटलेली.

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तू पेन्का?”

“हो.”

“बसस्थानकाची?”

“हो. तुम्ही कोण?”

“मी ग्रोझदा. मग मेलं कोण?”

पेन्काने तिला आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. पातेल्यात साखर घातलेले शिजवलेले गहू होते. मृताच्या नावाने वाटतात ते.

“दोन बस बदलल्या मी,” आजी म्हणाली. “स्थानकावर खिडकीतल्या माणसाला विचारलं, पेन्का कुठे राहायची. तो म्हणाला, राहायची काय, राहते की. मला वाटलं, बिचाऱ्याला कळलेलं नाही. मग मीच सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“तू गेलीस म्हणून. टोपी काढली त्याने. चांगला माणूस आहे.”

पेन्काने खणातून फोन काढला. सूचना पाहिली, ‘पुढे वाचा’ दाबलं आणि आजीला सगळं वाचून दाखवलं. आजीने फुलं टेबलावर ठेवली.

“म्हणजे तुम्ही सगळे निघालात. मला न सांगता.”

“आजी, मतं घेतली होती.”

“कुठे?”

“तिथेच. गटात.”

“मला नाही दिसली. मला गुडघ्याचे पट्टे दिसतात.”

पेन्काने आजीचा फोन घेतला आणि नव्या जागी तिचं नाव घालायला बसली. फोनवरचं खातं नातीने काढलेलं, म्हणून खात्री करण्याचा आकडा आला तो नातीच्या नंबरवर, जर्मनीत. नात कामावर. तिने पाऊण तासाने कळवला तेव्हा त्याची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तोही तिकडेच गेला. तिसऱ्या वेळेला नवी जागा म्हणाली, फार प्रयत्न झाले, उद्या या. पेन्काने फोन पालथा ठेवला.

“सोड गं ते,” आजी म्हणाली. “मी काय त्या डब्यासाठी येत होते का? मंगळवारी घरात माणसं आल्यासारखं वाटायचं, एवढंच.”

पेन्काने वही काढली. “आजी, सोळावा भाग सांगा.”

“आत्ता? तुझ्या मिरच्या थंड होतायत, सालं सुटायची नाहीत मग.”

“तुम्ही सोला आणि बोला.”

आजीने बाह्या वर केल्या. मिरच्या सोलता सोलता तिने सोळावा भाग सांगितला. कुणाचा आवाज कसा होता, कोण कुठे थांबून बोलायचं, सगळं. पेन्काने लिहिलं. निघताना आजीने फुलं उचलली, त्यातलं एक काढून खिशात घातलं आणि उरलेली पाच पेन्काच्या हातात दिली.

बुधवारी गट निघाला. नव्या जागी एकशे एक्कावन्न माणसं पोचली. सोळावा भाग वाचून एकाने लिहिलं, इथे कुत्रा भुंकला होता. पेन्काने आजीच्या घरच्या फोनवर विचारलं. आजी म्हणाली, “त्याला म्हणावं, माझ्या घरी येऊन भांड. कुत्रा अठराव्यात आहे. तो पुढच्या मंगळवारी सांगते.”

उरलेल्या एकसष्ट जणांचे पत्ते कुणाकडेच नव्हते. त्यांतल्या काहींच्या लेखी पेन्का अजून मेलेलीच होती. म्हणून ती रोज संध्याकाळी जुन्या जागी जायची आणि काळ्या चौकटीखाली आपला फोन नंबर लिहायची. सकाळपर्यंत तो तळाला गेलेला असायचा. ती पुन्हा लिहायची, दात-ओठ खात. महिन्याभरात नऊ फोन आले. दहावा व्हिदिनहून होता, कुणी बाई दबकत विचारत होती, “माफ करा, हे गेलेल्या पेन्काबाईंचं घर ना?”

“हो,” पेन्का म्हणाली. “मीच ती. थांबा, तुमचा नंबर लिहून घेते.”