शिंगांमागची हजेरी

शिकारीला निघायच्या आधी दिनूकाका फोन करून विचारत, "वृषाली, रविवारी जेवायला आहेस का?" होकार मिळाला तरच कपाटाचं कुलूप निघे आणि बंदूक बाहेर येई. "खाणारं माणूस नसेल तर जनावर मारायचं कशाला? लोणचं घालायला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काका मूळचे सांगलीचे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला शिकायला आले आणि इंगेकाकूंशी लग्न करून तिथलेच झाले. शिकार शिकवली सासऱ्यांनी. मी नोकरीसाठी त्या गावात गेले तेव्हा काकू जाऊन चार वर्षं झाली होती आणि लेक मीरा हॅम्बुर्गला होती. मी पक्की शाकाहारी. "गेनाऊ! अगदी बरोबर! तुला वरण-भात. पण समोर बसायचं," एवढीच त्यांची अट होती.

एकदा पहाटे मीही मचाणावर गेले. बाकीचे शिकारी अंधारातलं दाखवणाऱ्या महागड्या दुर्बिणी मिरवत. काकांकडे सासऱ्यांची जुनी बंदूक आणि काकूंनी विणलेले हातमोजे होते, त्यातल्या उजव्याचं एक बोट चाप ओढायला कापलेलं. दोन तासांनी हरीण आलं. काकांनी नीट पाहिलं आणि बंदूक खाली ठेवली. "मादी आहे. पिल्लू असेल मागे." घरी येऊन आम्ही पोहे खाल्ले.

मारलेल्या हरणाच्या शिंगांचं काम तळघरात चाले. कवटी पाण्यात मंद आचेवर उकळायची, पांढरी करायची, मग ओकच्या फळीवर बसवायची. "घाई केली की हाडाला चिरा पडतात," ते बजावत. शेवटी फळीच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहीत. मी डोकावले की फळी छातीशी धरत.

"काय लिहिता हो काका?"

"हजेरी!"

सप्टेंबरात पुन्हा फोन आला. मी हो म्हटलं. रविवारी पाऊस लागला, बाहेर गारठा, मला अंथरुणातून उठवेना. ऑफिसचं काम निघालं म्हणून मी चक्क खोटं सांगितलं. "जा, जा, काम आधी," काका म्हणाले. फोन ठेवायची त्यांना घाई नव्हती. मला होती, आणि त्याची आजही लाज वाटते.

जानेवारीत काका गेले. घर आवरायला मीरा आली, तिने मला मदतीला बोलावलं. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. भिंतीवरून एकेक फळी उतरवून मी मागचं वाचून दाखवू लागले. जुन्या फळ्यांवर दहा-बारा नावं होती: सासरे, इंगे, शेजारी, 'छोट्या मीराने दोनदा घेतलं.' मीरा हसली, मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुढे नावं कमी होत गेली. एकीवर फक्त मी होते: 'वृषाली. वरण-भात, पोटभर.'

शेवटच्या फळीचं लाकूड अजून नवंकोरं होतं. ती उलटी करून मी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"वास श्टेट दा?" काय लिहिलंय म्हणून मीराने विचारलं.

मी वाचलं, "वृषाली येणार होती."