कावळ्यासाठी वाढलेले दुसरे पान

ती बाई आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे मी दरोडे पाहिले, खून पाहिले. पण नोकरीच्या सुरुवातीचे हे साधे फसवणुकीचे प्रकरण काही मनातून जात नाही.

दुसरे महायुद्ध संपून वर्ष झाले होते. मी कर्जत ठाण्यात नवा फौजदार होतो. जवळचे लष्करी गोदाम बंद पडले आणि मजूर घरी बसले. सलग दोन वर्षे काम केलेल्याला दीड महिन्याच्या पगाराएवढा भत्ता मिळणार होता. मध्ये खंड पडला असेल तर काही नाही. लोक त्याला 'बेकारीचे पैसे' म्हणत, आणि नियमात कोण बसतो, कोण नाही यावरून गावोगाव भांडणे चालली होती.

एका सकाळी पळसदरीकडचा एक मजूर ठाण्यात आला. तापाने पडल्यामुळे त्याच्या कामात खंड पडला होता.

"सायेब, आमी जिते कोरडे, आन् मेलेला मानूस पैसे घेनार हाय," तो म्हणाला. "आमच्या शेजारच्या दोगा भावांतला थोरला गेल्या वर्सी आषाढातच मुंबईच्या इस्पितळात वारला. माजा मेव्हना तितं कामाला हाय. धाकटा त्याच्या नावानं अंगठा देऊन आला."

खबरीमागे बहुधा पोटदुखी असते. पण तेवढ्याने खबर खोटी ठरत नाही. डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

तिकडची रीत मला ठाऊक होती. गोदामातला पितळी बिल्ला माणसाचा नसे, घराचा असे. लावणीला एक भाऊ शेतात राही, दुसरा तोच बिल्ला लावून कामावर जाई. साहेब नंबर पाही. तोंड कोण पाहतो? त्यामुळे थोरल्याच्या बिल्ल्यावर धाकटा जातो, याचे गावात कुणाला नवल नव्हते.

घरी थोरल्याची बायको होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. नवरा कुठे म्हणून विचारले.

"मुंबईला. औषदपानी चाललंय."

धाकट्यानेही तेच सांगितले. उलटसुलट विचारून पाहिले, दोघे हटेनात. कुंकू लावलेल्या बाईला 'तू विधवा आहेस' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? मी उठलो.

पितृपक्ष चालू होता. अंगणात आलो तर पडवीच्या छपरावर कावळ्यासाठी पाने वाढलेली दिसली. दोन.

"आज कुणाची तिथी?"

"मामंजींची."

"आणि दुसरे पान कुणाचे?"

तिने दिराकडे पाहिले. तो खाली बघत राहिला.

"लोकांना फसवलं, सायेब," ती म्हणाली. "पन त्यांना उपाशी कसं ठेवू?"

धाकट्याने मग सगळा जबाब दिला. भाऊ गेल्याचे कळले तर बिल्ला काढून घेतील, या धास्तीने त्याने मुंबईतच अग्नी दिला आणि गावात येऊन 'सुधारतोय' म्हणून सांगितले. खरे फक्त वहिनीला सांगितले, आणि बजावले, "रडू नको गं. वाडीला कळंल."

गोदामाच्या कारकुनाला ठाण्यात बोलावले. त्याने नियम सांगितला. धाकट्याचे नाव पटावर कधीच नव्हते, त्याला काही मिळणार नाही. मात्र कामावर असलेला मजूर वारला, तर विधवेला दोन महिन्यांचा पगार मिळे, आणि बिल्ला भावाच्या नावे करून देत. अट एकच, सहा महिन्यांच्या आत कळवायचे. ती मुदत केव्हाच टळली होती. हा नियम गावात कुणी येऊन सांगितलाच नव्हता.

धाकट्याला कोर्टाने पुढे कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. माझ्या कामाची तारीफ झाली. मला मात्र त्या दिवसापासून एक सवय लागली. सरकारी पैशाचे काम घेऊन कुणी आला, की आधी त्याला बसवायचे आणि अट समजेल अशी सांगायची. नियम सांगितला नाही, तर माणसे भीतीलाच नियम समजून चालतात.

पण हे शिकवले त्या बाईने. ती दिराबरोबर ठाण्यात आली होती; कारकून गेल्यावर मी तिला सगळे नीट समजावून सांगितले. कुंकू तिने तोवर पुसले होते. मला वाटले, आता ती पैशांचे विचारील.

"म्हंजे सायेब, तवाच रडले असते, तरी चाललं असतं?"

मी होय म्हणालो. ती ठाण्याच्या पायरीवर बसली आणि वर्षभराचे रडणे रडू लागली. तिला उठवायला कुणी गेले नाही.