पुस्तकाची कड

पुस्तक हातात आलं की चाचा ते उघडायचे नाहीत. मिटलेलं पुस्तक दुकानाच्या दाराशी न्यायचे, उजेडात आडवं धरायचे आणि पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. मग म्हणायचे, "कड बघा. पोरं कुठवर गेली ते कड सांगते."

तुम्हीही घरातलं एखादं जुनं पाठ्यपुस्तक असं धरून बघा. जिथवर अभ्यास झाला तिथवर कड मळकी दिसेल, त्याच्या पुढं पांढरी. एवढी साधी गोष्ट मला तिशीपर्यंत कुणी दाखवली नव्हती. दाखवली ती चौथीत शाळा सुटलेल्या एका बाइंडरनं.

औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडं येताना एका बोळात त्यांचं दुकान होतं. एक कटिंग मशीन, पुस्तकं दाबून धरायचा एक लाकडी शिकंजा, खळीचं पातेलं आणि बसायला दुमडलेलं पोतं. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायचे, त्यामुळं बोटं कायम निळसर. सगळा बोळ त्यांना चाचा म्हणायचा. मीही तेच म्हणायचे. माझे वडील चळवळीतले, मोर्चांची पत्रकं त्यांच्याकडूनच कापून घेत. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. चार वर्षांची असताना मी पत्रकाची नीट घडी घालू शकत होते आणि वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. प्रत्येक लिखाणाच्या शेवटी कुणाचा तरी निषेध असतोच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

"तुझ्या वडलांच्या पत्रकात एक पण वाक्य बसून बोलत नव्हतं," चाचा म्हणायचे. "समदी उभी. तुझी तर पळतात."

मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन जायची तेव्हा मला नेहमीच घाई असायची. मोर्चा उद्या, सभा संध्याकाळी. चाचा कागदाचे कोपरे ठोकून ठोकून सरळ करत राहायचे. मी चुळबुळ केली की मान वर न करता विचारायचे, "जल्दी कायकू?"

आता माझ्या मुलीचं सांगते, कारण चाचांचं सांगायचं तर ते टाळता येत नाही.

राही आठ वर्षांची होती. शाळेत 'माझी सुट्टी' असा निबंध लिहायचा होता. तिनं घरी बोलतो तसा लिहिला. 'मी लई खेळले. मावशीची म्हैस मला घाबरती.' बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, तोंड वेडंवाकडं करून. वर्ग हसला. मला हे राहीनं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.

मी पेटले. दोन दिवसांत पत्रक तयार केलं. घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना हसणाऱ्या शाळांना जाब विचारणारं. पुरावा म्हणून राहीचा निबंध तिच्याच अक्षरात, जसाच्या तसा छापला. ते कापायला चाचांकडं गेले. त्यांनी एक पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पोरीला इचारलं का?"

"हा एकट्या तिचा प्रश्न नाही, चाचा. सगळ्या मुलांच्या हक्काचा आहे."

त्यांनी पान परत गठ्ठ्यावर ठेवलं. कोपरे ठोकले, कापले, गठ्ठा बांधून दिला.

मी ती पत्रकं शाळेच्या दारात वाटली. वर्गातल्या तीस मुलांनी ऐकलेला निबंध आता साऱ्या शाळेनं वाचला. राहीनं एवढंच विचारलं, "माझं का छापलंस?" मी तिला समजावून सांगितलं. मी फार छान समजावून सांगते. त्या दिवसापासून तिनं पेन्सिल हातात धरली नाही. गणिताची उत्तरंसुद्धा तोंडीच. मी तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे, शिफ्टचा माणूस, कमी बोलतो. तो म्हणाला, "जूनपर्यंत बघू. ती लिहायला लागली तर ठीक. नाहीतर पुन्हा शाळा."

तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.

घरी शिकवायचं तर व्याकरणाचं पुस्तक लागणार, असं मी धरून चालले. पोर लिहीतच नाही आणि मी तिच्यासाठी व्याकरण निवडतेय, यातली गंमत आज कळते. मी औरंगपुऱ्यातली सगळी दुकानं पालथी घातली. कुणाकडं रंगीत चित्रांचे संच होते, कुणाकडं मोबाइलवर चालणारे धडे. मी प्रत्येकाची प्रस्तावना वाचली, मग उदाहरणांची वाक्यं तपासली. 'सुरेश पतंग उडवतो. लता केर काढते.' एका पुस्तकात लतानं साठ पानांत सात वेळा केर काढला होता आणि एकदाही पतंग उडवला नव्हता. मी त्या दुकानदाराला लतातर्फे दोन शब्द सुनावले. त्यानं मला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला.

शेवटी पुस्तक मिळालं ते चाचांच्या पोत्याशेजारच्या रद्दीत. जुनं, पाठीचा कणा मोडलेला, फर्मे म्हणजे पानांचे जुडगे सुटलेले. सोळा सोळा पानांचे दहा फर्मे, दोऱ्यानं कसेबसे धरलेले. पण त्यातली लता विहीर खणायच्या कामावर मुकादम होती. प्रस्तावना तर अशी की मी उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"हेच," मी म्हणाले.

चाचांनी ते दाराशी नेलं. अंगठा फिरवला. पहिल्या दोन फर्म्यांची कड काळी होती, पुढं सगळी पांढरी.

"कड बघ बेटा. इथवर पोरं आली. म्होरं कुणी गेलं नाय. व्याख्या खाऊन खाऊन थकली असतील."

"माझी जाईल."

"जाईल की. ठेवून जा. फर्मे बांधून, कड कापून देतो. आठ दिवसांनी ये."

"मला उद्या पाहिजे, चाचा. सोमवारपासून सुरू करायचंय."

"जल्दी कायकू?"

मी तारखांचा हिशेब सांगितला. जून सांगितला. त्यांनी हो म्हटलं.

चाचांची एक पद्धत होती. फर्मे शिवायच्या आधी ते पानांचे आकडे मोठ्यानं मोजायचे, एकदा पुढून आणि एकदा मागून. मशिदीत गेल्यासारखे शांत व्हायचे त्या वेळी, कुणाशी बोलायचे नाहीत. त्या दिवशी दुपारभर वीज नव्हती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि डोक्यावर माझी घाई होती. ते मोजणं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक नव्या खाकी कापडात बांधलेलं मिळालं. कड कोरी, दुधासारखी. घरी येऊन उघडलं तर पहिलंच पान एकशे पंचेचाळीस. फर्मे उलटे शिवले गेले होते. शेवटचा सगळ्यात पुढं, पहिला सगळ्यात मागं. व्याख्या सगळ्या तळाशी आणि तोंडाशी सरावाचे उतारे, पत्रं, संवाद.

मी राहीला घेऊन तशीच निघाले. रस्ताभर बोलायची वाक्यं जुळवत होते. पुस्तक राहीच्या हातात होतं, रिक्षात ती ते चाळत होती, याकडं माझं लक्षही नव्हतं.

"चाचा, हे काय केलंत? सगळं उलटं. मी सोमवारी मुलीला काय शिकवू? पहिल्या पानावर शेवटचा धडा?"

चाचांनी पुस्तक मागितलं नाही. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चूक झाली."

मी पुढची वाक्यं तयार ठेवली होती. वीज नव्हती, असं ते म्हणतील, मग मी हे म्हणेन. तू घाई केलीस, असं म्हणतील, मग मी ते म्हणेन. ते त्यातलं काहीच म्हणाले नाहीत.

"माझी चूक. आण, उसवतो. शिवून देतो पुन्हा." त्यांनी पातं हातात घेतलं.

"नको," राही म्हणाली.

ती पोत्याच्या कडेला बसली होती, पुस्तक छातीशी धरून. "नका उसवू, चाचा. हे अर्धंच पत्र आहे. मला पुढचं लिहायचंय."

पहिल्याच पानावर तो सराव होता. एका मुलीनं मैत्रिणीला लिहिलेलं पत्र. 'काल आमची शेळी शेजाऱ्यांच्या छपरावर चढली. ती खाली उतरायला तयार नाही. आम्ही सगळे खाली उभे आहोत आणि'. तिथंच पत्र तुटलं होतं. खाली लिहिलं होतं, पत्र पूर्ण करा.

चाचांनी पायाशी पडलेल्या कातरणांतून एक लांब पट्टी उचलली. पुस्तकांच्या कडा कापल्यावर उरतात तशी, दोन बोटं रुंद. कानावरची पेन्सिल तिच्यापुढं ठेवली. राहीनं पट्टी मांडीवर आडवी घेतली आणि लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते.

'शेळीला खाली बोलवू नका. तुमीच वर जा. तिला लई एकटं वाटत आसल.'

माझा हात पर्सकडं गेला. पर्समध्ये लाल पेन असतं. खरं सांगते, विचार करून गेला नाही, सवयीनं गेला. चाचांचा निळसर बोटांचा पंजा अलगद माझ्या मनगटावर आला.

"जल्दी कायकू?" ते म्हणाले. अगदी हळू, राहीला ऐकू जाणार नाही असं.

परत येताना आम्ही पैठण गेटजवळ उसाचा रस प्यायला थांबलो. मी इतकी वर्षं इतक्यांना जाब विचारला, पण 'चूक झाली' एवढं म्हणून थांबणारा माणूस मी त्या दिवशीच बघितला होता. मी स्वतः तर ते वाक्य आयुष्यात वापरलंच नव्हतं. माझ्या तोंडात ते बसत नव्हतं.

"राही, तो निबंध मी तुला न विचारता छापला. चूक झाली माझी."

'पण' तोंडाशी आला होता. तो मी रसाबरोबर गिळला.

राहीनं पेला संपवला, ओठ पुसले. "व्हय, झाली," ती म्हणाली. मग पेला ठेवत म्हणाली, "म्हशीचं तरी गाळायचं होतं."

त्या पुस्तकानं आमचा अभ्यासक्रम ठरवला. आधी पत्रं, संवाद, अर्ध्या गोष्टी. राही लिहायची पट्ट्यांवरच, वही नको म्हणायची. चाचा कातरणं पिशवीत भरून ठेवायचे. घराचं दार चिकटवलेल्या पट्ट्यांनी भरलं. नवरा शिफ्टवरून आला की उभ्यानं वाचायचा. एकदा शेळीची पट्टी गायब झाली. ती त्याच्या डब्याच्या पिशवीत सापडली, कंपनीतल्या मित्रांना दाखवायला नेली होती. जून आला आणि गेला. मधल्या फर्म्यांत राहीलाच प्रश्न पडायला लागले, हे असं का होतं, ते तसं का. उत्तरं शेवटच्या फर्म्यात होती. ती तिथं स्वतःहून पोचली.

मी जाईन तिथं सांगत सुटले की आमच्या चाचांनी शिकवायची नवी रीत काढली. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मात्र ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच बघितलं.

"खोटं नको पसरवू. मी चुकलो. पोरगी हुशार निघाली. या दोन येगळ्या गोष्टी हायत."

त्यानंतर त्यांनी छापील पुस्तकं घेणं हळूहळू बंद केलं. फक्त कोऱ्या वह्या बांधायचे. "कोऱ्या वहीला उलटंसुलटं नसतं," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. दर वर्षी एक वही राहीला, एक तिच्या धाकट्या बहिणीला. सहावीला राही आपणहून शाळेत गेली. तिचा निर्णय होता. मी पत्रक काढलं नाही. हे सांगायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, "तुझं वाक्य बसायला लागलं, बेटा."

पुढं नजर फारच गेली. मशीन विकून ते लासूर स्टेशनला मुलीकडं राहायला गेले. मी दोनदा भेटून आले. तिसऱ्यांदा जाणार होते, त्याआधी त्यांच्या मुलीचा फोन आला, चाचा गेल्याचा.

बोळात आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.

उलटं पुस्तक सध्या धाकटीकडं आहे. परवा ती खेळायला गेल्यावर मी ते मिटून खिडकीशी नेलं, आडवं धरलं, अंगठा फिरवला. चाचांनी दुधासारखी करून दिलेली कड आता पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत मळकी झाली आहे. कुठं आंब्याचा रस, कुठं शाई. शेवटच्या फर्म्याच्या तोंडाशी तेवढी एक बारीक पांढरी रेघ राहिली आहे, दोऱ्याएवढी.

उघडून पाहिलं. ती प्रस्तावना आहे.