लिंक मीच पाठवली होती

ही गोष्ट सांगायचं मी काही वर्षं टाळत आलो. सांगायला म्हणून बसलो की कोणीतरी दारात यायचं, चहा यायचा, बोलणं कापसाच्या भावावर जायचं आणि मला बरं वाटायचं. ऐकणारे कमी नव्हते, मीच निमित्त शोधत होतो. आता निमित्तं संपत आली आहेत, म्हणून लिहून टाकतो.

माझी नात शिकायला जर्मनीला गेली, तेव्हाची गोष्ट. आसेगावातून पोरी अकोल्याला जातात, अमरावतीला जातात, एखादी पुण्याला जाते. जर्मनीला जाणारी आमच्या आळीतली ही पहिली. बरोबर तिची कॉलेजातली मैत्रीण होती. तिच्या वडिलांचं कारंज्याला भांड्यांचं दुकान, म्हणून आमच्या घरात तिला सगळे कारंज्याची पोर म्हणत. जैनाघरची. ती मुक्कामाला आली की आमच्या घरचे कांदे टोपलीसकट गोठ्यात जायचे आणि माझी बायको चुलीवर वेगळं पातेलं चढवायची. पोर म्हणायची, "आजी, एवढं नका करू." बायको म्हणायची, "तुह्यासाठी नाई करत व, यांचं तेवढंच कांदा खानं कमी होते."

जायच्या आधी या दोघींनी मोबाइलवर एक ग्रुप काढला. वऱ्हाडातली जी पोरं त्या शहरात शिकत होती किंवा जायच्या तयारीत होती, ती त्यात. कोण कधी येणार, स्टेशनवर घ्यायला कोण जाणार, खोली कुठे रिकामी आहे, असली कामाची बोलणी. तिकडे पोचल्यावर दोघींचे इथले नंबर बंद होणार होते. नवे मिळेपर्यंत ग्रुप सांभाळायला घरचं कोणी हवं, म्हणून नातीनं मलाही ॲडमिन करून ठेवलं.

"आबा, तुमी फक्त असा. काही दाबू नका."

"दाबत नाई. वाचलं तर चालते?"

"चालते. पन फुलं पाठवू नका."

फुलं म्हणजे सकाळी पाठवतात ती, गुलाब आणि खाली सुविचार. मी एकदाच पाठवलं. लगेच एका पोराचं उत्तर आलं, "आजोबा, इकडं अजून उजाडलं नाई, झोपू द्या."

नवे नंबर मिळाले, पण मला काढायचं नात विसरली आणि मीही आठवण करून दिली नाही. मला त्या ग्रुपाचा लळा लागला होता. कोणी विचारायचं, तुरीची डाळ कुठे मिळते. कोणाची शेंगदाण्याची चटणी विमानतळावर काढून घेतलेली असायची आणि त्यावर सगळा ग्रुप हळहळायचा. एकानं खिचडीला पाणी किती घालायचं विचारलं, तर बायकोनं सांगितलं आणि मी बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं. माझं लिहून होईपर्यंत त्याची खिचडी करपली होती. तरी तेव्हापासून ती साऱ्या ग्रुपाची आजी झाली.

मी जन्मभर बसमध्ये कंडक्टर होतो. कारंजा–मंगरूळपीर रस्त्यावर कोणी हात दाखवला आणि मी घंटी मारली नाही, असं क्वचित झालं असेल. गाडी भरलेली असली तरी 'आत सरका, आत सरका' म्हणायचं. माणूस ओळखायची रीतही आमच्याकडे एकच. गाव कोणतं आणि कोणाचा? एवढी दोन उत्तरं पटली की माणूस आपला. त्याला तिसरा प्रश्न विचारणं म्हणजे घरी आलेल्याला उंबऱ्यावर उभं ठेवणं.

तर एके दुपारी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबरावरून निरोप आला. बाहेर जाणाऱ्या पोरांचा एक मोठा, कोणालाही उघडा असलेला ग्रुप असतो. आमच्या ग्रुपातल्या कोणीतरी तिथे चौकशीसाठी माझा नंबर टाकून ठेवला होता. निरोप असा होता: "काका, मी धनजचा. मले बी तिकडं शिकाले जायचं हाये. ग्रुपात घ्या ना."

मी लिहिलं, "कोणाचा?"

"तुमी नाई ओळखनार काका. पन माह्या आज्यानं तुमच्या गाडीत लय प्रवास केला. तुमी त्याले कधी उभं राहू देलं नाई म्हने."

मी विरघळलो. माझ्या नंबरावर माझा खाकी कपड्यातला, गळ्यात पैशाची पिशवी अडकवलेला फोटो होता. तो पाहून कोणालाही ते वाक्य लिहिता आलं असतं. हे मला फार नंतर सुचलं. तेव्हा मी त्याला ग्रुपाची लिंक पाठवून दिली. नातीला विचारलं नाही. म्हटलं, गाडीत जागा आहे, बसू दे बिचाऱ्याला.

तो ग्रुपात आला आणि एक शब्द बोलला नाही. नुसता वाचत बसला. मला वाटलं, पोरगा लाजाळू आहे.

त्याच सुमारास रिसोडची एक मुलगी नव्यानं तिकडे निघाली होती. कोणत्या दिवशी पोचते, खोली अजून मिळाली नाही, सगळं तिनं ग्रुपात लिहिलं होतं. या लाजाळू पोरानं तिला वेगळा निरोप पाठवला. मी आपल्या ग्रुपातलाच, तिथे दोन वर्षांपासून आहे, माझ्या ओळखीची खोली आहे, नोंदणीसाठी पासपोर्टचा फोटो पाठव आणि थोडे पैसे आगाऊ भर. 'ग्रुपातलाच' एवढ्यावर तिचा विश्वास बसला. तिनं पासपोर्टचा फोटो पाठवला. पैसेही भरणार होती, पण तिचं कार्ड तिकडे चाललं नाही. त्या कार्डाला माझे हजार नमस्कार.

बॅगा ओढत ती त्यानं दिलेल्या पत्त्यावर पोचली. दार एका जर्मन म्हातारीनं उघडलं. तिच्या घरात भाड्याची खोलीच नव्हती. पण पोरीचा चेहरा बघून तिनं तिला आत घेतलं, सूप दिलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. नात आणि कारंज्याची पोर तिला घ्यायला पोचल्या तेव्हा या दोघी टेबलाशी बसून एकमेकींना घरच्यांचे फोटो दाखवत होत्या. पुढे दर दिवाळीला त्या म्हातारीकडे चिवडा जायला लागला.

पण पासपोर्टचा फोटो परक्याच्या हातात गेलेला होता. पोलिसांत सांगावं लागलं, कॉलेजात सांगावं लागलं. रिसोडच्या मुलीला बरेच दिवस धास्ती होती की आपल्या नावावर कोणी काही करून बसेल. आणि ग्रुपात एकच प्रश्न फिरू लागला. हा माणूस आला कसा?

लिंकवरून आला, एवढं दिसत होतं. लिंक कोणी दिली, ते दिसत नव्हतं.

कारंज्याची पोर लगेच बोलली. तिनं लिहिलं, "मी माझ्या मामेभावाला लिंक पाठवली होती. त्याच्याकडून पुढे गेली असेल. चूक माझी आहे." तिला तसं लिहायची गरज नव्हती. तिला काही लपवायची सवय नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नातीचा मला फोन आला. "आबा, तुमी तर नाई ना कोनाले लिंक देली?"

मी म्हणालो, "मले लिंक म्हनजे काय तेच समजत नाई, माय."

"नाई ना? मले वाटलंच. जाऊ द्या, तुमी टेन्शन घेऊ नका."

म्हातारपणाचा असाही उपयोग होतो. आपल्याला काही येत नाही असं म्हटलं की लोक मायेनं मान डोलावतात. बायको शेजारी सुपात डाळ निवडत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "काल शेजारच्या मास्तरले कोन शिकवून राह्यलं होतं मंग? लिंक दाबा मास्तर, लिंक दाबा!"

"तू डाळ निवड."

"निवडली. डाळीत खडे नाईत. खडे तुमच्यात हायेत."

मी हसलो. त्या दिवशी हसायला नको होतं.

पुढचं सगळं मी मोबाइलवर वाचत होतो. पोरं कारंज्याच्या पोरीला टोचून लिहीत होती. कोणी लिहिलं, यांच्या नातेवाइकांचा ग्रुप आहे का हा? रिसोडच्या मुलीच्या वडिलांनीही हिलाच फोन करून बोल लावले. हिनं ॲडमिनपद सोडलं, मग ग्रुप सोडला, मग नातीबरोबरची खोलीही सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. नात मला म्हणाली, "राग नाई येत मले तिचा, आबा. पन पहिल्यासारखं बोलताच येत नाई." ज्या दोघी एका ताटात जेवल्या होत्या त्या आता वाढदिवसाला एक ओळ लिहायच्या. माझं एक वाक्य त्यांच्या मध्ये होतं आणि ते मला एकट्यालाच माहीत होतं. म्हणजे मला आणि बायकोला.

मीही ग्रुपातून बाहेर पडलो. नातीनं विचारलं, "काहून निघाले आबा?" मी म्हटलं, डोळे दुखतात.

मग मी ठरवलं, पोरीला नाही तर तिच्या वडिलांना सांगू. कारंज्याला गेलो. ते गल्ल्यावर होते. "या काका, या! आमच्या पोरीच्या मैत्रिणीचे आबा!" लगेच चहा, लगेच खुर्चीवरची गादी झटकली. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "एक डबा दाखवा बरं."

डबा घेऊन घरी आलो. पुढच्या वेळी परात आणली. नंतर झारा, मग पुन्हा डबा. बायको म्हणाली, "आता डब्यात ठेवाले डबेच राह्यले घरात. एकदा सांगून टाका त्या मान्साले, नाईतर आपन दुकान टाकू."

"सांगतो."

"भांडं न घेता सांगा."

एका खेपेला दुकानदार फार खुशीत होते. म्हणाले, "काका, पोरगी आता तिकडे नव्या पोरांना ग्रुप कसा वापरायचा ते शिकवते. तिच्या कॉलेजानंच बोलावलं." आणि अभिमानानं सांगत सुटले. नुसत्या लिंकवर कोणाला आत घ्यायचं नाही. आधी जुन्यांपैकी दोघांनी व्हिडिओवर तोंड बघायचं, बोलायचं, कुठल्या कॉलेजात ते तपासायचं. लिंक मधूनमधून बदलायची. पोचायचा दिवस, खोलीचा पत्ता, पासपोर्ट ग्रुपात टाकायचा नाही. ज्याला समोर पाहिलंय, त्या एकालाच सांगायचं. आणि कोणी घाई करायला लागला की फोन ठेवून द्यायचा. "पोरगी म्हणते, एका ग्रुपात असणं म्हणजे ओळख नव्हे. गावाचं नाव तर कोणीही घेतं."

मी मान खाली घालून हातातलं पातेलं वाजवून पाहत होतो.

"तिच्या हातून एकदा चूक झाली होती ना काका," ते हळू आवाजात म्हणाले, "तेव्हापासून फार जपते."

मी म्हणालो, "पातेलं केवढ्याले?"

मग तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती कारंज्याला आली. मला कळलं तसा मी धुतलेला सदरा घालून निघालो. या वेळी बायकोनं पिशवीसुद्धा नेऊ दिली नाही. बसमध्ये मी वाक्यं पाठ करत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन्या देवाचं म्हनून राह्यले बाबा?"

दुकानात पाऊल टाकलं तर ती समोरच उभी. बारीक झालेली, चष्मा लागलेला. "आबा!" म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत वाकून पाया पडली. उठली तर डोळे भरलेले. म्हणाली, "मला तुम्हाला कधीचं सांगायचं होतं. माझ्यामुळे तुमच्या नातीला किती त्रास झाला. मला माफ करा आबा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे पोरी. होते चूक."

ती हसली, मोकळी झाली. वडिलांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले. घरी आल्यावर बायकोनं माझे रिकामे हात बघितले आणि खूश होऊन म्हणाली, "सांगितलं वाटते!" मी जे झालं ते सांगितलं. त्या दिवशी ती माझ्याशी जेवणापुरतंही बोलली नाही.

इथवर लिहिलेलं मी मागच्या आठवड्यात फोनवर नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आबा, मी तिच्याशी काय वागली मंग इतके वर्षं?" आणि थोड्या वेळानं, "तिले तुमी सांगा. मी नाई सांगनार."

मी कारंज्याच्या पोरीला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. "आबा! जेवले का? आजी कशी हाये?" आमच्याशी बोलताना ती आमच्यासारखं बोलते. मी तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. मग बर्फ पडला का ते विचारलं. मग तिचं काम निघालं.

बोलायचं होतं ते असं:

पोरी, त्या मान्साले लिंक मी पाठवली होती. तू नाई, तुह्या मामेभावानं बी नाई. नातीनं इचारलं तवा मी खोटं बोललो, अन् तुह्यावर सारे तुटून पडले तवा वाचत बसलो. दुकानात तू माह्या पाया पडली, तवा तरी बोलाले पाहिजे होतं. मी तुले माफ करून घरी आलो. माफी मीच मागाची होती. मले माफ कर, माय.