स्नेहलचा कोर्स आणि माझं खाचर

स्नेहल लोणावळ्याची. आंदर मावळात आमच्या वाडीत लगीन होऊन आली तवापासनं मी तिला बघतीय. कामाला वाघीण, बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसाच न्हाई. मी झुंबरबाई, तिची शेजारीण. मालक गेल्यावर दोन एकर भातखाचर एकटीनं राखलंय. खालच्या अंगाचं रखमाजीचं रान असंच एका गोडबोल्या एजंटानं गिळलं. आता तितं तारंचं कुंपण हाय, आत बंगला हाय, आणि रखमाजी त्याच बंगल्याची बाग झाडतो. माझं रान तसं जाऊ ने, एवढीच मला धास्ती.

उन्हाळ्यात स्नेहलनं फोनवरचा कोर्स धरला. सोशल मीडियावर लोकांशी कसं बोलायचं, त्याचा. मी म्हणलं, बोलायला बी कोर्स लागतो व्हय गं? तर म्हणती, "मावशी, आपला इंद्रायणी तांदूळ मला थेट गिऱ्हाइकाला विकायचाय. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसायला हवा." आता विश्वास बसवायचं शिकवणारं माणूस कसं असंल, तुमीच सांगा. रोज दुपारी ती टाकीजवळच्या कातळावर बसायची, कारण रेंज तितंच. मी धुणं घेऊन मुद्दाम तितं जायची. फोनातली बाई सांगायची, नुसता माल दाखवू नका, माणसं दाखवा, त्यांची नावं सांगा, विचारणाऱ्याला उत्तर द्या. आता माणसं दाखवली की मागं जमीन दिसतीच की.

आमच्याकडं लावणीला इर्जिक असती. आज समदी वाडी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. मजुरी कुणी कुणाला देत न्हाई, जिचं रान ती जेवायला घालती, बास. यंदा माझ्या लावणीला स्नेहल समद्यांच्या पुढं वाकली व्हती, आणि जेवणाआधी तिनं फोन काढला. वाकलेली माणसं, खाचर, मागचा डोंगर, समदं त्यात घेतलं. मला इचारलं व्हतं म्हणा. मी मान बी हालवली व्हती. पण आठ दिवसांनी माझा पोरगा सार्थक पुण्यास्नं फोनवर म्हणाला, "आई, स्नेहलच्या व्हिडिओत तुझं रान पाच हजार लोकांनी बघितलं," तवा माझं डोकं फिरलं. पाच हजार लोकांस्नी माझ्या रानाचं काय काम?

मी गप बसणाऱ्यातली न्हाई. हिरीच्या काठावर सांगितलं, देवळापाशी सांगितलं. "स्नेहल एजंटांस्नी रानं दावतीय. आपल्याला वाकवून आपलाच फोटू काढतीय." लोकांस्नी तेवढंच पायजे असतं. स्नेहलच्या लावणीला तिच्या खाचरात एक माणूस फिरकलं न्हाई. तिचा नवरा, सत्यम, कंपनीत पाळीला गेलेला. रोपाच्या मुठी बांधून ठिवलेल्या, आणि उपटलेलं रोप किती थांबणार? दोन दिवसांत पिवळं पडतं.

मी गेले, पण लावायला न्हाई. बघायला. ती एकटीच लावत व्हती.

"दाव तुझा फोन," मी म्हणलं. "माझ्या रानाचं कोण काय इचारतंय ते बघू दे."

ती ताठ झाली. "मावशी, नका बघू."

नका म्हणली, म्हंजे चोर घावला. तिच्या हातातनं फोन घेतलाच मी. चौथी शिकलीय, अक्षर लावत वाचलं. कुणीतरी इचारलं व्हतं, "जागा झकास आहे. विकायची आहे का?" खाली उत्तर व्हतं, "हो, आमचीच आहे. दोन एकर. मेसेज करा." उत्तर देणाऱ्याचं नाव सार्थक. शेजारी त्याचाच फोटू.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"तुला कवापासनं ठावं?"

"चार दिवस झाले," स्नेहल म्हणाली. "मला त्याचं उत्तर पुसून टाकता आलं असतं. पण मग तुम्हाला कधी कळलंच नसतं. आणि तुमच्या पोराची चहाडी मी तुमच्याजवळ कशी करू? काय करावं तेच सुचेना."

लय लाज वाटली. बांधावर बसून तिच्यासमोर रडले मी. चार दिवस वाडीभर तिला बोल लावत हिंडले, आणि ती माझ्या घरातलं झाकून बसली व्हती.

मंग डोळं पुसलं आणि म्हणलं, "उत्तर कसं लिवायचं ते शिकव." ती म्हणाली, थोडक्यात लिहा, खाली नाव टाका. मी दोन शिव्या घातल्या व्हत्या, त्या तिनं काढायला लावल्या. एका बोटानं लिवलं, "रान माझ्या नावावर हाय. इकायचं न्हाई. झुंबरबाई."

त्याच पावली घरोघर गेले. परत्येक दारात सांगावं लागलं, "एजंट माझ्याच घरातला निघाला. स्नेहलला बोल लावला ती चूक माझी. चला, रोप सुकतंय." पयल्या दारात जीभ उचलंना. दुपारपातूर अकरा जणं खाचरात वाकलेली.

आमी जेवायला बसलो तवा सार्थकचा फोन आला. आवाज चढलेला. "आई, असलं सगळ्यांसमोर लिहितात का? माझी काय इज्जत राहिली?"

"तू माझं रान इकायला काढलंस, ते काय कोपऱ्यात काढलंस व्हय रं?" मी म्हणलं. "समद्यांसमोरच काढलंस की."